लोणारच्या काठाने चालायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोणार म्हणजे उल्कापाताने झालेल्या विवरातलं खारं सरोवर. मी जालन्याचा. त्यामुळे दिवाळी संपली की पुण्या-मुंबईच्या कुणा ना कुणा नातेवाइकाचा फोन येतोच: "लोणार तुमच्याजवळच ना? एका दिवसात होतं का?" होतं. पण पुढचे प्रश्नही दरवेळी तेच असतात, आणि फोनवर तीच उत्तरं देऊन कंटाळलो, म्हणून एकदाची ती लिहून ठेवली आहेत.

वरून सगळं सरोवर दिसतं म्हणतात. मग खाली उतरायची गरज काय?

वरून विवर दिसतं, सरोवर नाही. हा फरक खाली उतरल्याशिवाय कळत नाही. कड्यावर उभं राहिलं की एक भलंमोठं वाडगं दिसतं, तळाशी हिरवट पाणी, भोवती झाडी. पाच मिनिटांत फोटो होतो आणि पोरं "आता काय?" विचारायला लागतात. खाली मात्र गोड्या पाण्याची धार आहे, पडक्या देवळांची रांग आहे, पायाखाली पांढरा खार आहे, डोक्यावर वानरं आहेत, आणि चहूबाजूंनी भिंत उभी राहिल्यासारखी शांतता आहे. इतक्या लांबून येऊन कड्यावरून परत जाणारे लोक बघितले की मला लग्नाला येऊन जेवणाआधी निघणाऱ्यांची आठवण येते.

चालायचं किती? चढ किती?

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली साधारण १३७ मीटर. मजल्यांच्या हिशेबात सांगायचं तर पंचेचाळीस मजली इमारतीएवढं खाली जायचं आणि तेवढंच वर यायचं. पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर, म्हणजे पूर्ण काठ पावणेचार किलोमीटरच्या आसपास. पाणी कमीजास्त होतं तसा हा आकडाही बदलतो.

उतरायला वीस-पंचवीस मिनिटं, काठाने रमतगमत चालायला दीड-दोन तास, चढायला अर्धा-पाऊण तास. सगळं मिळून सकाळचे चार तास हाताशी ठेवा.

म्हणजे सोपाच आहे की! ट्रेक कशाला म्हणायचं?

नका म्हणू. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सह्याद्रीतल्या किल्ल्यावर आधी चढ असतो, दम संपला की तिथूनच परत फिरता येतं. इथे उलटं आहे. आधी उतार, त्यामुळे सगळ्यांना जोर येतो. चढ शेवटी येतो, तोही ऊन डोक्यावर आल्यावर, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्यावर. वाटेत सोडून देण्याची सोय नाही, कारण गाडी वर उभी असते. माझ्या ओळखीत ज्यांना ज्यांना लोणारला त्रास झाला त्यांना तो अंतराने झाला नाही, उशिरा निघाल्याने झाला. सकाळी सात-साडेसातला पायऱ्यांवर असाल तर सत्तरीचे आजोबाही सावकाश करतात. अकराला निघालात तर पंचविशीतलेही तोंड वाकडं करून वर येतात.

लहान मुलं, गुडघे दुखणारी आई, यांना नेता येईल का?

सहा-सात वर्षांपुढची मुलं मजेत चालतात. आईंचे गुडघे खरंच दुखत असतील तर उतरण्यापेक्षा धारेपाशी बसवा. धार विवराच्या ईशान्येच्या घळीत, वरच्या अंगालाच आहे. थोड्याच पायऱ्या, सावली, देऊळ आणि अखंड वाहणारं पाणी. मुलांना तेवढं सांगून ठेवा की काठावरच्या पांढऱ्या जमिनीवर पळायचं नाही. का, ते पुढे येतंय.

उतरायचं कुठून?

गावाकडून आलात तर धारेची वाट सोयीची. गावात कुणालाही "धार कुठे?" विचारा, गोमुखही म्हणतात. तिथून बांधीव पायऱ्या आणि पुढे मळलेली पायवाट आहे. एमटीडीसीच्या, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाच्या, पर्यटक निवासाच्या बाजूनेही एक वाट खाली जाते. दोन्ही वाटा काठाला एकमेकींना मिळतात, त्यामुळे एकीने उतरून दुसरीने चढता येतं. तसं करायचं असेल तर गाडी कुठे लावायची ते आधी ठरवा, नाहीतर कड्यावरच्या डांबरी रस्त्याची भर उन्हातली पायपीट वाढते.

हे वन्यजीव अभयारण्य आहे, २००० सालापासून. वन खात्याच्या माणसाकडे नोंद करा आणि आज वाट कुठपर्यंत सुरू आहे ते त्यालाच विचारा. संध्याकाळी अंधारापूर्वी वर यायचंच.

काठाने चालताना काय काय लागतं?

धारेपासून सुरुवात करू. बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाच्या, थरांमधून झिरपणारं गोडं पाणी इथे बारमाही पडतं. लोक त्याखाली अंघोळ करतात, विशेषतः पर्वणीला. आजूबाजूला पापहरेश्वरासारखी छोटी देवळं आहेत आणि जवळच सीतान्हाणी. कथा अशी की वनवासात सीतेने इथे स्नान केलं. महाराष्ट्रात सीतेने स्नान केलेल्या जागा मोजायला बसलो तर वनवासाची चौदा वर्षं पुरायची नाहीत, पण ही जागा खरोखर गार आणि देखणी आहे.

खाली उतरलं की झाडी दाट होते: साग, कडुनिंब, चिंच, सीताफळ, बाभूळ. पूर्वी या उतारावर शेतीसुद्धा होत असे, केळी-मका वगैरे. त्या खतांचं आणि गावच्या सांडपाण्याचं काय करायचं हा वाद बरीच वर्षं चालला.

मग देवळं लागतात. कुमारेश्वर, यज्ञेश्वर, रामगया. पुढे वाघ महादेव, मोर महादेव अशी स्थानिक नावं. बहुतेक मध्ययुगीन, यादवकाळाच्या आगेमागे बांधलेली, काही निम्मी ढासळलेली. चुना न वापरता दगडात दगड अडकवून रचलेले खांब, त्यांच्यावर वडाची मुळं, आत वटवाघळं. मला यांतलं रामगयेपाशी बसायला आवडतं. गर्दी नसते आणि झाडांच्या फटीतून पाणी दिसतं. आत शिरताना टॉर्च हवा, आणि वटवाघळांच्या विष्ठेचा वास सहन करायची तयारी.

कमळजा देवीचं देऊळ मात्र जागतं आहे. पूजा चालते, नवरात्रात यात्रा भरते, त्या दिवसांत पायवाटेवर बाया-माणसांची रीघ असते. देवळासमोर सासू-सुनेची विहीर म्हणतात ती आहे. एका अंगाचं पाणी गोडं, दुसऱ्या अंगाचं खारं. कोणतं अंग कुणाचं, यावर आमच्या घरात दरवेळी चर्चा होते. पाणी चढलेलं असेल तर ही विहीर सरोवरातच जाते आणि प्रश्न मिटतो.

पूर्ण प्रदक्षिणा होते का?

कोरड्या वर्षांत होत असे. अलीकडे पावसाळे जोरदार झाले की पाणी वाढतं, खालच्या पायवाटा आणि काठावरच्या काही देवळांचे चौथरे पाण्यात जातात. मग काठ सोडून काटेरी झुडपांतून वाट काढावी लागते आणि ते मी कुणाला सुचवणार नाही. वेडी बाभूळ कपडे फाडते. धार ते कमळजा आणि परत एवढं झालं तरी लोणारचं सार हाती लागतं. प्रदक्षिणेचा हट्ट नको.

काठावरच्या चिखलाचं एवढं काय?

पाणी ओसरतं तिथे क्षाराचा पांढरा पापुद्रा जमतो. दिसतो वाळलेल्या मातीसारखा. त्याखाली काळाशार, बुळबुळीत चिखल असतो. कितव्या भेटीत ते सांगत नाही, पण एका शेकाट्या पक्ष्याचा फोटो घ्यायला मी चार पावलं पुढे गेलो आणि पोटरीपर्यंत आत. पाय निघाला, चप्पल राहिली. एका चपलेवर एकशे सदतीस मीटर चढणं कसं असतं ते मला विचारा. पायवाट सोडू नका, आणि चप्पल घालून तर मुळीच येऊ नका.

वास येतो म्हणतात, खरं का?

येतो. सडक्या अंड्यासारखा. तळाच्या चिखलात प्राणवायूविना जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा तो वास. उन्हाळ्यात जास्त, वाऱ्याच्या दिशेवर अवलंबून. दहा मिनिटांत नाक सरावतं.

पाण्याला हात लावला तर चालतं का? पोहता येतं का?

बोट बुडवायला हरकत नाही, डोळ्याला लावू नका, नंतर साध्या पाण्याने धुवा. पोहायचं नाही. पाण्याचा सामू (पीएच) पूर्वीपासून १० च्या आसपास मोजला गेला आहे, म्हणजे साबणाच्या पाण्याच्या घरातला. हात चोळलात तर बुळबुळीत लागतो तो त्यामुळेच.

एक गंमत करून बघण्यासारखी आहे. घरून कागदात चिमूटभर हळद न्या आणि तिच्यावर सरोवराच्या पाण्याचे दोन थेंब टाका. हळद क्षणात लाल होते, पूजेला हळदीत चुना घालून कुंकू करतात तसंच. इथले वाटाडे हे हमखास करून दाखवतात. मुलांना शाळेतला लिटमस कागद एवढा पटत नाही जेवढं हे पटतं. मग लगेच शेजारच्या झऱ्याचं पाणी दुसऱ्या चिमटीवर टाका. पिवळी ती पिवळीच. दोन पाण्यांत अंतर काही पावलांचं असतं.

पण डोंगराआड, समुद्रापासून इतक्या लांब खारं पाणी आलं कुठून?

समुद्राशी काही संबंध नाही. झरे आणि पावसाचं पाणी आत येतं, बाहेर जायला मात्र एकही ओढा नाही. बेसॉल्ट झिजून पाण्यात सोडियम, बायकार्बोनेट असले पदार्थ उतरतात. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललं की धुण्याच्या सोड्याचं तळं तयार होतं. म्हणूनच कोरड्या वर्षी खार वाढतो आणि भरपूर पावसात पाणी पातळ होतं.

या खाराला एके काळी मोठा भाव होता. ब्रिटिश काळात तो काढायचे ठेके असत आणि जाडीप्रमाणे, रंगाप्रमाणे त्याला डल्ला, पापडी अशी वेगवेगळी नावं होती. त्याच्याही आधी अकबराच्या काळातल्या ऐन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे: इथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, आणि ब्राह्मण या जागेला विष्णुगया म्हणतात, असा. गावाच्या नावातलं लवणही तेच. लवणासुराला विष्णूने मारलं ती कथा अर्थात सगळ्यांना ठाऊक असते.

गुलाबी पाणी बघायला मिळेल का?

त्या आशेने येऊ नका. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या साऱ्या देशाने फोनवर फोटो पाहिले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने विचारणा केली, नमुने तपासले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण सांगितलं ते असं: पाऊस कमी, ऊन कडक, पाणी आटून खारेपणा वाढला, आणि अतिखारट पाण्यात फोफावणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव माजले. त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य गुलाबी. पाऊस आल्यावर ते ओसरलं. एरवी रंग हिरवा असतो, स्पिरुलिनासारख्या नीलहरित जीवांमुळे, आणि तो हिरवाही मूग, पोपटी, शेवाळी असा दिवसभर बदलत राहतो. तोच बघा.

हे उल्कापातानेच झालं, याला पुरावा काय? ज्वालामुखीचं तोंड नाही ना?

हाच समज फार वर्षं होता, आणि तो मूर्खपणाचा नव्हता. आजूबाजूला सगळा लाव्हाचाच खडक, मग खड्डाही ज्वालामुखीचाच असणार असं वाटणं साहजिक. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं वाद रंगला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तळाला भोकं पाडून नमुने काढले. त्यांत मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार खनिजाचं न वितळता काचेत रूपांतर झालं की ते होतं, आणि त्याला लागणारा दाब ज्वालामुखीत नसतो, प्रचंड वेगाने आदळलेल्या उल्केच्या धक्क्यात असतो.

चालताना तुमच्याही डोळ्यांना एक पुरावा दिसू शकतो. कड्याच्या वरच्या भागातले लाव्हाचे थर बघा. महाराष्ट्रभर हे थर आडवे असतात, पायऱ्यांसारखे. इथे ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, फणसाची साल आतून दाबून उलटवावी तसे. कड्यावर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच जो बांध आहे तो आतून उडालेल्या मलब्याचा.

किती जुनं आहे?

फलकांवर आणि जुन्या पुस्तकांत ५२,००० वर्षं सापडेल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या कालमापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं आलं. वाटाडे अजून पहिलाच आकडा सांगतात. वाद घालू नका, चढ शिल्लक असतो. ज्या बेसॉल्टवर हे घडलं तो मात्र साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. बेसॉल्टमधलं इतकं ताजंतवानं विवर जगात दुर्मीळ, आणि चंद्रावरची कितीतरी विवरंही अशाच खडकात असल्याने चंद्राचा अभ्यास करणारे इथे येतात. १९७९ पासून ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक आहे, २०२० मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही आलं.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विवर हिरवंगार असतं आणि फार सुंदर दिसतं, पण वाट निसरडी, डास भरपूर, आणि काठ कदाचित पाण्यात. मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा टाळा. विदर्भातलं ऊन आणि त्यात चारी बाजूंनी अडवलेला वारा. खाली तवा तापतो.

बरोबर काय न्यायचं?

माणशी दोन लिटर पाणी. खाली एकही टपरी नाही. पकड असलेले बूट, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टॉर्च, दुर्बीण असेल तर ती. खायला दशम्या, गूळ-शेंगदाणे, संत्री. पिशवी उघडी ठेवू नका; वानरांना झिपसुद्धा उघडता येते, हे मी पाहिलं आहे. हळदीची पुडी विसरू नका.

पक्षी-प्राणी कोणते दिसतात?

मासे सहसा नसतात, त्यामुळे पाण्यावर मासेखाऊ पक्ष्यांची झुंबड नाही. तरी टिबुकली, शेकाट्या, हिवाळ्यात चक्रवाक दिसतात. झाडीत हळद्या, शिंपी, आणि मोर तर इतके की आधी कौतुक वाटतं आणि तिसऱ्या तासाला त्यांच्या ओरडण्याचं काही वाटेनासं होतं. वानरं, मुंगूस, घोरपड नेहमीचे. पडक्या देवळांत दगडांच्या फटीत हात घालू नका, साप असतात.

वाटाड्या घ्यावा का?

पहिल्यांदा जात असाल तर घ्या. वाट चुकण्याची भीती फारशी नाही, खड्ड्यात हरवून हरवून कुठे हरवणार? पण कोणता चिखल टाळायचा आणि कोणत्या देवळाच्या कोणत्या खांबावर काय कोरलंय हे गावच्या माणसालाच माहीत. तो खिशातून लोहचुंबक काढून मातीतून काळे कण उचलून दाखवेल. तो उल्केचा लोखंडी चुरा आहे असं सांगेल; बहुतांश ते बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट असतं. दर आधी ठरवा.

एखादा दगड घरी आणला तर?

नाही. अभयारण्यातून काहीही उचलायला बंदी आहे. शिवाय देवळांचे चिरेही दगडच दिसतात.

कसं पोचायचं? मुक्काम करावा का?

बुलढाणा जिल्हा, लोणार तालुका. छत्रपती संभाजीनगरहून दीडशे किलोमीटरच्या आत, जालन्याहून नव्वदच्या आसपास, मेहकरहून पंचविसेक. नागपूरकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्गावर मेहकरला उतरता येतं. रेल्वेने आलात तर जालना, पुढे एसटी. एसटीने एका दिवसात होतं, पण मग पहाटेची उतरण हुकते आणि मी वर म्हटलं तेच होतं. आदल्या रात्री गावात किंवा एमटीडीसीत राहिलात तर सकाळ तुमची.

वर आल्यावर दुपारचं काय?

आधी गावात झुणका-भाकर किंवा मिसळ, जे मिळेल ते. मग दैत्यसूदन मंदिर, गावातच. तारकाकृती बांधणी, बाहेरच्या भिंतींवर भरगच्च शिल्पं, आत लवणासुरावर उभा विष्णू. चालुक्यकाळातलं मानतात. दुपारी आतला दगड गार असतो, पायांना बरं वाटतं. तिथून थोड्या अंतरावर अंबर तळं, त्याला छोटं लोणारही म्हणतात, आणि तिथला झोपलेला मारुती. अंबर तळंही उल्केच्याच तुकड्याने झालं का, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

परतीच्या वाटेवर आणखी एक थांबा सुचवाल?

जालन्याकडे जाणार असाल तर सिंदखेड राजा, जिजाऊंचं जन्मस्थान. पण नागपूरच्या दिशेने, मेहकरमार्गे निघालात तर तिथल्या कंचनीच्या महालाचे अवशेष बघा. आख्यायिका अशी की कंचनी नावाच्या नर्तिकेला आपल्या महालाच्या सातव्या मजल्यावरून लोणारच्या कमळजेचा दिवा बघायचा होता. देवीला तो आगाऊपणा वाटला आणि तिने कंचनीला शिळा केलं. विवराच्या तळाशी, झाडीत लपलेला दिवा पंचवीस किलोमीटरवरून दिसण्यासाठी तिला नेमके किती मजले चढवावे लागले असते, याचा हिशेब आम्ही एकदा गाडीत बसून करायला घेतला होता. सिंदखेडच्या फाट्यापर्यंत तो काही सुटला नाही.